कुसळांचा माळ

दसरा होऊन चार दिवस झाले आणि बिरोबाच्या माळावर पांढरे ठिपके उमटले.

बाळाबाई सकाळी मेंढरं घेऊन चढाला लागली तेव्हा तिला आधी वाटलं, कुणीतरी देवासाठी रांगोळी घालून गेलं. एक ठिपका, सहा पावलांवर दुसरा, पुढे तिसरा. ओळ सरळ गवतात शिरली होती आणि पलीकडे हिवराच्या झाडापाशी बाहेर पडली होती. बाळाबाईचा स्वभावच तसा. इतरांना जे दिसतं त्याच्यापेक्षा चार गोष्टी तिला जास्त दिसायच्या. तिची सासू म्हणायची, “हिला मेंढरं राखाया धाडली की मेंढरंच हिला राखून घरी आणत्यात.”

मागून तिचा नवरा यमाजी काठी टेकत आला. त्यानं पायताणाचं टोक ठिपक्यावर घासलं, वाकून बोटाला लावून बघितलं.

“चुन्याची फक्की हाय,” तो म्हणाला. “कुणाचं लगीन काढलंय का काय माळावर?”

लोणी गावाच्या पूर्वेला जमीन हलकी होत जाते. एके काळी तिथून नजर पोचेल तिथवर गवतच गवत होतं म्हणे. आता विहिरी आल्या, बोअर आले, कांद्याची वावरं आली, पत्र्याची शेडं आली. उरला तो बिरोबाचा एवढा माळ. त्यातही देवाच्या दगडाभोवतीचा उतार राखणीचा. आखाडात गवत फुटलं की त्यात मेंढरू सोडायचं नाही, विळा लावायचा नाही. कार्तिकातल्या पुनवेपर्यंत गवत वाढू द्यायचं, तुरे येऊ द्यायचे, कुसळं आपसूक गळू द्यायची आणि मगच कापायचं. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. बाळाबाईला तिच्या सासूनं सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं.

ठिपक्यांचा उलगडा दुपारी झाला. पोरगा पप्पू नारायणगावला टमाट्याची खेप टाकून आला, पिकअप सावलीत लावून जेवायला बसला आणि भाकरी मोडता मोडता म्हणाला, “ते खड्ड्यांचं माप हाय, आये. कुठल्या कंपनीला झाडं लावायचीत. एका दिवसात धा हजार. कागदावर आपला माळ पडीक हाय म्हनं.”

“पडीक?” बाळाबाई म्हणाली. “पडलाय कुठं? चांगला उबा हाय की!”

“तारंचं कंपाउंड व्हणार. मेंढरं बंद.”

यमाजीचा घास हातातच राहिला. “चाळीस मेंढरं न्यायची कुठं मग?”

“इकायची,” पप्पू खाली बघत म्हणाला. “मला राखणदार म्हणून घेणार हायेत, पगारी. ह्या खेपांनी कंबरडं मोडलंय माजं.”

“आन चाळीस वरीस मी काय केलं रं हितं?” बाळाबाईनं विचारलं.

पप्पूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. त्याच्या बायकोनं, पुष्पानं, कालवणाचं पातेलं उगाच पुढे सरकवलं. बाळाबाईला लेकाचा राग आला नाही, हेच वाईट होतं. त्याची पाठ खरंच वाकत चालली होती आणि ते तिला दिसत होतं.

*

आठवड्यानं भरत आला. हा जवळच्या निमगाव साव्याचा. शिकून पुण्याच्या एका संस्थेत लागलेला. दर पावसाळ्यात यायचा, माळावर लोखंडी चौकट टाकायचा आणि तिच्यातल्या गवताच्या काड्या मोजत बसायचा. वस्तीवरच्या बायकांनी त्याला ‘गवतमोज्या’ नाव ठेवलं होतं आणि ते त्याला माहीत होतं.

“मावशी, एक वाट हाय,” तो म्हणाला. “आफ्रिकेत केनिया म्हणून देश हाय. तिथं असाच माळ. असाच कमी पाऊस, अशाच बाभळी, अशीच मेंढरं. तरस सुदिक हाय. तिथल्या बायकांनी मेलेला माळ जित्ता केलाय. आता आमची संस्था आन त्येंचा गट मिळून सारख्या माळांच्या जोड्या लावतोय. त्येंनी आपल्याला शिकवायचं, आपण त्येंना. तुमचा माळ जोडीत बसला तर खड्डं थांबतील. खड्डं मंजूर करणाऱ्या सायबांनी तसं कबूल केलंय.”

“जोडी?” बाळाबाईनं विचारलं. “म्हंजी सोयरीकच की रं.”

“तसंच म्हणा,” भरत हसला. “त्येंची एक बाई येणार. सायेब बी येणार. माळ बघून ठरवणार.”

“कदी?”

“पुनवेच्या आदल्या आठवड्यात.”

त्या दुपारी बाळाबाई हिवराखाली आडवी झाली. मेंढरं उन्हाला पाठ करून, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी होती. वारा आला की राखणीचं गवत या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकायचं, पुन्हा उठायचं, आणि त्याचा रंग तांब्याचा व्हायचा, मग पितळेचा. अर्धवट झोपेत तिला वाटलं, पलीकडचा चढ ओलांडला की लगेच तो दुसरा माळ लागत असणार. तिथंही एक बाई मेंढरांमागे चालली असेल, ऊन डोळ्यावर येतं म्हणून तिनं कपाळाला हात लावला असेल, आणि ती इकडंच बघत असेल. बाळाबाईनं डोळे न उघडताच हात वर केला. यमाजीनं ते पाहिलं आणि त्याला वाटलं, ही माश्या हाकलतेय.

“त्यो देश किती लांब हाय, भरतभाऊ?” तिनं दुसऱ्या दिवशी विचारलंच.

“लई लांब, मावशी. मधी समुद्र हाय. पर आपल्या पावसाचा वारा हाय ना, त्यो त्येंच्याच किनाऱ्याला वळसा घालून हिकडं येतो.”

हे ऐकल्यापासून तो देश तिला लांब वाटेनासा झाला. ज्याचा वारा आपल्या अंगाला लागतो, तो लांबचा कसा?

*

पावणी यायला दोन दिवस राहिले आणि बाळाबाईला घोर लागला.

सोयरीक म्हटली की बघण्याचा कार्यक्रम आला. बघायला येणार म्हटल्यावर घर सारवायचं, अंगण झाडायचं, पोरीची वेणीफणी करायची. आणि माळाकडे बघावं तर काय? कमरेएवढं गवत, पिंजारलेलं. त्यात कुसळीचं गवत माजलेलं. चार पावलं टाकली की लुगड्याला शंभर कुसळं. एवढ्या लांबनं, समुद्र ओलांडून बाई येणार आणि तिच्या पायात कुसळं घुसणार? केस मोकळे सोडून पोरगी कुणी पावण्यांपुढं बसवतं का?

तिनं पुष्पाला सांगितलं, शेजारच्या साळुबाईला हाक मारली, ठकूबाई आणि कुशाबाईला बोलावून घेतलं. चौघीही विळे घेऊन आल्या.

“आत्या,” पुष्पा म्हणाली, “पुनव अजून आठ दिसांवर हाय.”

बाळाबाई थबकली. मग बिरोबाच्या दगडापुढं जाऊन तिनं हात जोडले. “तुज्याच भल्यासाठी करतीया,” ती देवाला म्हणाली. “एकडाव चालवून घे.” देवानं नाही म्हटलं नाही. देव सहसा म्हणत नाही.

पाचजणी कापत सुटल्या. डाव्या हातात मूठ, उजव्या हातात विळा, बुडख्याशी खर्र आवाज. उन्हानं मान भाजत होती. कुसळं पोटऱ्यांत शिरत होती, बाह्यांत शिरत होती. ठकूबाईला शिंकांवर शिंका येत होत्या. मूठ झाली की झटकायची, चार मुठींची पेंढी झाली की पुन्हा झटकायची, मग गवताचाच आळा वळून ती बांधायची. झटकल्याशिवाय पेंढी बांधायची नाही, हे त्यांच्या हातांना इतकं सवयीचं होतं की तोंडं गप्पा मारत होती आणि हात आपले झटकत होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतार साफ झाला. देवाच्या दगडाला लागून वीतभर रुंदीची शेंडी तेवढी राखली आणि बाजूला पेंढ्यांची गंज रचली. बाळाबाईनं खराटाही मारला असता, पण पुष्पानं हात धरला.

यमाजी मेंढरं घेऊन आला आणि बघतच राहिला.

“अगं,” तो म्हणाला, “माळाचं जावळ काढलं व्हय?”

“कसा दिसतोय?”

यमाजीनं मान हलवली, पण कशी हलवली ते अंधारायला लागल्यामुळे तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भरत तयारी बघायला आला. मोटरसायकल लावली, चढ चढून वर गेला आणि तिथंच खाली बसला.  बाळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेली.

“मावशी,” तो हळू म्हणाला, “त्या बाई आन सायेब ते गवतच बघाया येत व्हते.”

“गवत?”

“उबं गवत. त्येच्यातला लांडगा, त्येच्यातली पाखरं, त्येच्यातली कुसळं. त्येच्यासाठीच तर माळ वाचवायचा. सायेब आता काय म्हणंल? मोकळी जमीन हाय, मारा खड्डं.”

बाळाबाईनं तांब्या खाली ठेवला. दहा हजार खड्डे माळावर पडायचे होते, त्यातला पहिला तिच्या पोटात पडला. चाळीस वर्षं एकाही मेंढराला तिनं पुनवेआधी आत तोंड घालू दिलं नव्हतं. आणि आता तिनं स्वतः, चार बायका जमवून, देवाला गप्प करून, आठ दिवस आधी विळा लावला होता. 

“करायला गेली गणपती आन झाला मारुती,” यमाजी घरी म्हणाला. पण त्यानं ते हसत म्हटलं नाही, आणि नंतर तिच्या ताटात भाकरी त्यानंच वाढली.

*

पावणी आली ती पांढऱ्या गाडीतून. नाव नासेरियन. उंच, काळीभोर, गळ्यात मण्यांच्या माळाच माळा, अंगावर लाल चौकड्यांची शाल. वय बाळाबाईएवढंच असावं. गाडीतून उतरल्यावर तिनं कुणाला नमस्कार करण्याआधी कपाळाला हात लावून माळाकडे पाहिलं.  अगदी असाच हात बाळाबाईनं हिवराखाली अर्धवट झोपेत पाहिला होता.

ज्यांच्या सहीवर खड्डे व्हायचे ते साहेब दुसऱ्या गाडीतून उतरले. त्यांनी एक चक्कर मारली, बूट वाजवले.

“भरत, हे काय दाखवायला आणलंय?” ते म्हणाले. “ही तर मोकळी जमीन. इथं झाडं लावलेलीच बरी.”

“सर, परवापर्यंत गवत होतं...”

“परवाचं मी कसं बघू?”

बाळाबाई पुढं झाली. पदर तोंडाशी धरून म्हणाली, “सायेब, चूक माजी हाय. पावण्याच्या पायात कुसळं जातील म्हणून मीच कापलं. त्या भरतला काय बोलू नगा.”

भरतनं ते इंग्रजीत सांगितलं. नासेरियन ऐकत होती. ती गंजीपाशी गेली, एक पेंढी ओढली, नाकाशी धरून वास घेतला, तळहातावर झटकली. दोन-चार कुसळं पडली, जास्त नाही. तिनं दुसरी पेंढी झटकली. तिच्यातूनही तेवढीच. मग ती कापलेल्या उतारावर गेली आणि सरळ गुडघ्यावर बसली. गव्हात खडे बघावे तशी बोटं मातीवरून फिरवायला लागली. बुडख्यांमध्ये, भेगांमध्ये, बी धरलेली कुसळंच कुसळं होती. टोकं मातीत, शेपट्या वर.

ती भरतला काहीतरी विचारू लागली. भरत वळला. “मावशी, पेंढ्या झटकायला कुणी सांगितलं, असं विचारत्यात.”

बाळाबाईला प्रश्नच कळेना. “झटकल्याबिगर कशी बांधायची? माळाचं माळाला ठिवायचं. आन कुसळ मेंढराच्या तोंडात गेलं तर मेंढरू मरतं.”

नासेरियन बराच वेळ बोलली. भरत तुकड्यातुकड्यानं सांगत राहिला. त्यांच्याकडे तीन वर्षं पाऊस नव्हता. गुरं वाटेवर बसली ती उठली नाहीत. माळाची माती उडून गेली. मग बायकांनी गवताचं बी शोधायला सुरुवात केली, तेव्हा कळलं, बी मातीला परत द्यायचं असतं हेच मधल्या पिढीत विसरायला झालं होतं. ते पुन्हा शिकायला त्यांना चार वर्षं लागली. “आन तुमी न शिकता करताय, असं म्हणत्यात.”

नासेरियननं एक कुसळ उचललं. ते बाळाबाईला दाखवून तिनं तिच्या भाषेतलं नाव घेतलं. मग तळहातावर थुंकीचा थेंब ठेवला आणि कुसळाची शेपटी त्यात टेकवली.

बाळाबाई चटकन खाली बसली. तिला माहीत होतं काय होणार ते. लहानपणी मेंढरांमागे बसून तिनं हाच खेळ तर खेळला होता. ओल लागली की कुसळ हळूहळू फिरायला लागतं, जितंजागतं असल्यासारखं, आणि टोकानं जागा शोधतं. दोघी डोक्याला डोकं लावून बघत राहिल्या. कुसळ एक वेढा फिरलं, थांबलं, दुसरा फिरलं. वारा पडला होता. मेंढरंही गप्प होती. बाळाबाईला क्षणभर कळेना की आपण कोणत्या माळावर बसलोय, आणि कळून घ्यावंसंही वाटेना.

“फिरतंय!” ती म्हणाली.

नासेरियननंही त्याच वेळी काहीतरी म्हटलं. भरतनं ते सांगितलं नाही, आणि त्याची गरजही नव्हती.

यमाजी काठी टेकत पुढं आला. त्यानं भरतला विचारलं, “ह्येंच्याकडं तरस वराडतं कसं, इचार की.” नासेरियननं मान मागं टाकून आवाज काढला. यमाजीनं आपल्याकडचा काढला. मेंढरं दोन्ही आवाजांना सारखीच दचकली आणि पहिल्यांदाच सगळे हसले. साहेबसुद्धा हसले, पण घड्याळ बघत.

“हे सगळं छान आहे,” ते म्हणाले. “पण मी कागदावर काय लिहू? कापलेलं गवत उत्तम होतं म्हणून? मला माळ उभा दिसला पाहिजे. पुढच्या दसऱ्यानंतर येतो. तोवर खड्डे घेत नाही. दिसला तर जोडी, नाही दिसला तर झाडं. यापुढं मला थांबता येणार नाही.”

साहेबांची गाडी गेली. नासेरियननं मात्र वाळलेली काडी घेतली आणि जिथं उतार उघडा पडून खडी वर आली होती तिथं मातीत एक आकृती काढली. अर्धा चांद. पोट चढाकडं, पाठ उताराकडं. वाहून येणारं पाणी पोटात अडेल, बी तिथं रुजेल. खणून झालं की पाठीला मातीचा बांध. बी पडलं की वरून मेंढरं फिरवा, खुरांनी बी दाबलं जातं.

“ही तर चंद्रकोर,” पुष्पा आपल्या कपाळाला बोट लावून म्हणाली. तीच काडी घेऊन तिनं दुसरी कोर काढली, मग तिसरी.

निघायच्या आधी एक काम राहिलं होतं. नासेरियनच्या शालीला कुसळं चिकटली होती.

“ती काढावी लागतील, मावशी,” भरत म्हणाला. “दुसऱ्या देशात बी न्यायचं न्हाई, कायदा हाय. तिकडं भलतंच काय रुजलं तर निस्तरायचं कुणी?”

“पर त्येंच्याकडं ह्येच गवत हाय ना?”

“तरी बी न्हाई.”

मग दोघी हिवराखाली समोरासमोर बसल्या. शाल दोघींच्या मांडीवर. एकेक कुसळ चिमटीत धरायचं, उलट्या बाजूनं ओढायचं, टोक न मोडता. लेकीच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तशा त्या शांतपणे वेचत होत्या. नासेरियन वेचलेलं प्रत्येक कुसळ बाळाबाईच्या तळहातावर ठेवायची. एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. बाळाबाईनं तिला सांगितलं की सासू कडक होती, पप्पूची पाठ दुखते, आणि काल आपल्याला झोप आली नाही. नासेरियननंही असंच काहीतरी सांगितलं असणार, कारण मध्येच तिनं डोळे पुसले.

शाल साफ झाली. बाळाबाईनं मूठभर कुसळं पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली.

*

खड्डे शेवटी झालेच. पण ते चंद्रकोरीचे झाले, आणि बाळाबाईनं आणि पुष्पानं केले.

चैत्र-वैशाखात माळ तव्यासारखा तापायचा, म्हणून झुंजुमुंजू असतानाच दोघी कुदळी घेऊन जायच्या. मुरमात कुदळ वाजायची, दांड्यानं तळहाताला फोड यायचे, फोड फुटून घट्टे पडायचे. दिवसाला पाच कोरी झाल्या तर खूप झाल्या. फक्कीचे ठिपके पुसट झाले होते, तरी दिसत होते. बाळाबाई मुद्दाम ठिपक्यावरच कोर धरायची.

पप्पू महिनाभर आईशी धड बोलला नाही. राखणदाराची नोकरी लांबली होती आणि साहेबांनी जोडीला नकार दिला तरच ती मिळणार होती, हे त्याला माहीत होतं. बाळाबाईलाही माहीत होतं. एका सकाळी खेप नव्हती. तो आला, आईच्या हातातली कुदळ काढून घेतली आणि खणायला लागला.

“पाठ दुखंल,” बाळाबाई म्हणाली.

“दुखू दे,” तो म्हणाला. “तुजी कोर वाकडी हाय. पाणी ह्या टोकानं निसटंल.”

त्यानं टोक सारखं केलं. पुढच्या कोरीला आईनं त्याला जागा दाखवली. त्या दिवशी अकरा झाल्या.

ज्येष्ठ लागला. गंजीच्या बुडाशी साठलेलं बी पुष्पानं सुपानं पाखडून ठेवलं होतं, ते कोरींमधून विस्कटलं. यमाजीनं चाळीस मेंढरं एकवट करून त्यावरून हळूहळू फिरवली, पुढे गेला, पुन्हा वळून आला. एकशेसाठ खुरं पेरणी करत होती आणि तो मधोमध नवरदेवासारखा चालत होता.

सर्वांत वरच्या कोरीत बाळाबाईनं पदराची गाठ सोडली. शालीतून वेचलेली कुसळं तिनं एकेक करून मातीत उभी केली. मग पश्चिमेकडे तोंड करून उभी राहिली. दोन दिवसांपासून वारा फिरला होता. थेट अंगावर येत होता, पदर मागं ओढत होता, आणि त्याला कसलातरी ओळखीचा वास होता. तिकडच्या किनाऱ्याला वळसा घालून निघालेला तो हाच. वाटेत त्यानं त्या बाईची शाल हलवली असेल. बाळाबाईनं या वेळी डोळे उघडे ठेवून हात वर केला. यमाजी खालून बघत होता. माश्या नव्हत्या, तरी त्यानं काही विचारलं नाही. उलट, जरा इकडंतिकडं बघून त्यानंही हात वर केला.

आखाडात कोरींमध्ये हिरवी मिशी फुटली. श्रावणात ती गुडघ्याला लागली. भादव्यात बाळाबाई उतारावर गेली की तिचं फक्त डोकं दिसायचं, वाकली की तेही नाही. तिथं लांडगीनं पिलं घातली असावीत असं यमाजी म्हणायचा, आणि मेंढरं लांबून न्यायचा. या वर्षी कुणी कितीही सांगितलं तरी विळा घराच्या आढ्यालाच खोचलेला राहिला.

*

दसऱ्यानंतर साहेब आले. सोबत भरत. उतारावरच्या कोरी गवतानं मिटून गेल्या होत्या, फक्कीचा ठिपका शोधून सापडत नव्हता. साहेब एकटेच आत शिरले. सोनेरी गवत त्यांच्या कमरेला लागलं, मग छातीला. एक चंडोल त्यांच्या पायातून उडाला. मध्ये कुठंतरी ते थांबले आणि बराच वेळ हललेच नाहीत. वारा येत होता, गवत वाकत होतं, उठत होतं, आणि साहेब त्यात उभे होते. बाळाबाईला वाटलं, यांनाही काहीतरी जास्तीचं दिसायला लागलं वाटतं.

बाहेर आले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“खड्डे नकोत इथं,” ते म्हणाले. “जोडीत घालतो मी. आठवड्याभरात लिहून पाठवतो.”

भरतनं डोळे मिटून घेतले. पप्पूनं आईकडं पाहिलं. बाळाबाईनं असल्या आठवड्याभरातल्या कागदांबद्दल बरंच ऐकलं होतं, त्यामुळे ती नुसती उभी राहिली.

साहेब गाडीकडे वळले आणि ओरडले. पॅंटला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं डकली होती, मोज्यात तर पेरल्यासारखी. ते वाकून ओढायला लागले. एक काढलं की दुसरं टोचत होतं.

“अगं बाई, सायबांच्या पायात...” म्हणत पुष्पा लगबगीनं खाली बसायला गेली. बाळाबाईनं तिचा दंड धरला आणि तिला मागं ओढलं.

“अहो, हे निघतं कसं?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई निघायचं, सायेब,” बाळाबाई म्हणाली. “तसंच घेऊन जावा. कागद लिवाया बसाल ना, तवा टोचंल.”